रोज एक कुलूप

संध्याकाळी कुलपांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं की गल्ली म्हणायची, "निघाल्या वहिनी." मग एका हातात चोचीची तेलाची डबी, दुसऱ्या हातात फडकं, कामाच्या कोटाच्या खिशात काहीतरी किणकिणतंय, अशी ती बाहेर पडायची. रोज एका दाराशी. आज बेकरीचं मागचं दार, उद्या शिंप्याच्या माडीचं, परवा शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाईंचं. कुलूप पुसायचं, तेल सोडायचं, किल्ली आत घालून फिरवून बघायची. कधीकधी म्हणायची, "आतल्या पिना झिजल्यात. उद्या बदलून देते, किल्लीही नवी देते." काय द्यायचं विचारलं तर मान हलवायची. "काही नको. हे दुकानाचं काम नाही, माझं रोजचं आहे."

रोजचं म्हणजे काय, ते तिनं कधी सांगितलं नाही. मुळात ती बोलायचीच इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. पहाटे उठून प्रार्थना, पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत मौन, आणि संध्याकाळी एक कुलूप. पाऊस असो, ताप असो, यात खंड नाही. आता गल्लीचं असं असतं, की न सांगितलेली गोष्ट तिला पचत नाही. कोणी अर्थ सांगितला नाही तर गल्ली आपला अर्थ आपण लावते. नवरा परागंदा झालेला. दुकानाच्या पाटीवर अजून सासऱ्यांच्या नावाखाली त्याचंच नाव. मग दुसरं काय असणार? नवरा परत यावा म्हणून बाई लोकांच्या दारांना तेल घालते, असं ठरून गेलं.

कापडदुकानदार व्यापारी मंडळाचा अध्यक्ष होता. त्याला भाषणाला व्यासपीठ लागायचं नाही, दुकानाची पायरी पुरायची. लग्न ठरलेल्या मुली कापड घ्यायला आल्या की तो त्यांना समोरचं दुकान दाखवायचा. "बघून ठेवा, पोरींनो. निष्ठा निष्ठा म्हणतात ती ही. माणूस गेला, पाटी उतरवली नाही. दाराचं कुलूपसुद्धा तेच ठेवलंय, सासऱ्यांच्या हातचं, पितळी."

तिला हे सगळं ऐकू यायचं. अशा वेळी ती तेलाची डबी जरा जास्तच सरळ धरायची.

दुकानाच्या वर दोन खोल्यांत ती आणि सासू राहायच्या. सासूचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. मुलाच्या जुन्या चपला तिनं दाराशी ठेवल्या होत्या. रोज सकाळी त्यांची धूळ झटकायची आणि पुन्हा तिथंच, जोडीनं, बाहेर तोंड करून ठेवायची. उशाशी एक लाकडी पेटी. पेटीची किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. पेटीत काय आहे ते सासूनं कधी दाखवलं नव्हतं आणि सुनेनं कधी विचारलं नव्हतं. दोघींचं इतकं छान जमण्यामागे ही एक गोष्ट होती.

"माझी सून म्हणून टिकली," सासू खिडकीतून खालच्या बेकरीवालीला सांगायची. "दुसरी असती तर केव्हाच गाठोडं बांधून गेली असती. ही त्याच्यासाठी जीव पाखडते गं."

हे मात्र तिला टोचायचं. गल्लीचं एक वेळ सोडून देता येतं. पण ज्या म्हातारीच्या गुडघ्यांना ती रोज स्वतःच्या हातांनी तेल चोळायची, तिच्या डोळ्यांत तो चुकीचा मान बघणं तिला उष्टं खाल्ल्यासारखं वाटायचं.

*

एके दुपारी ती एका कपाटाची किल्ली कापत होती, तेव्हा अध्यक्ष धापा टाकत आत आले.

"वहिनी, कानस खाली ठेवा. आधी बसा."

"बसलेलीच आहे मी."

"हो की. मग घट्ट बसा. येतोय तो! येत्या रविवारी. माझा मेहुणा गेला होता ना बाहेरगावी, त्याला भेटला. मेहुण्यानं सगळं सांगितलं त्याला. तुमचं व्रत, तेल, पाटी, सगळं. ऐकून ढसाढसा रडला म्हणे. म्हणाला, माझ्यासाठी एवढं करतेय, आता मला राहवत नाही."

कानस तिच्या हातात तशीच राहिली. पितळेचा बारीक चुरा बोटांना चिकटला होता.

"माझ्या व्रताचं त्यांना कुणी सांगायला सांगितलं?"

"मीच!" अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला. "चांगल्या कामात मी मागे राहत नाही. आणि काळजी करू नका, मंडळातर्फे खुर्च्या, चहा, सगळं आमच्याकडे. तुम्ही फक्त उभ्या राहा."

वरून काठीचा ठोका आला. सासूनं सगळं ऐकलं होतं. "सूनबाई! वर ये! अगं वर ये लवकर!"

ती वर गेली तर सासू चपला मांडीवर घेऊन बसली होती आणि फडक्यानं घासत होती. चेहरा असा की वीस वर्षं उतरली असावीत. तिला बघून म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. "फळलं गं पोरी तुझं. देवानं ऐकलं तुझं."

तिनं ते हात हातात घेतले. बोलली मात्र काही नाही. मौनाची वेळ सकाळीच संपली होती, तरी नाही.

*

गल्लीला ठाऊक नव्हतं ते असं.

सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हा एक नियम घालून दिला होता, आणि लग्न होऊन आल्यावर सासूनं तो सुनेला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. गिऱ्हाइकाची किल्ली गिऱ्हाइकाची. एक मागितली तर एकच करायची. कापताना फसली तर फसलेली त्याच्यासमोर पकडीत धरून वाकवायची आणि मग दुसरी कापायची. लोक आपल्या हातात घर देतात, ते परत देताना पूर्ण द्यायचं, असं सासरे म्हणायचे. नवऱ्याच्या शेजारी बसून तीही किल्ली कापायला शिकली. त्याचा हात सोन्यासारखा. मूळ किल्ली आणि नक्कल शेजारी ठेवली तर कोणती कोणती ते देवालाही कळू नये.

एक दिवस यंत्राचा पट्टा तुटला. तो बाहेर गेला होता म्हणून तिनंच यंत्र भिंतीपासून ओढलं. मागे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात किल्ल्या. प्रत्येकीवर सुईच्या टोकानं मारलेले ठिपके, ज्यांचा अर्थ त्यालाच कळावा. त्यातली एक तिनं ओळखली. बेकरीच्या किल्लीवर तिच्या हातून कानस घसरून एक ओरखडा उठला होता आणि तिनं तो तसाच राहू दिला होता. डब्यातल्या किल्लीवर तो ओरखडासुद्धा होता. इतकी प्रामाणिक नक्कल.

संध्याकाळी तिनं डबा त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "हे काय?"

त्यानं डब्याकडे बघितलं, घास पूर्ण केला. "असू दे. असावं."

"कशाला?"

"कशालाच नाही. नुसतं असावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईला 'बाहेरगावी मोठं काम मिळालंय' असं सांगून निघून गेला. डबा न्यायला त्याला तोंड नव्हतं.

मग ती डबा घेऊन एकटीच बसली. सगळ्यांना सांगावं तर दुकान त्याच दिवशी बंद पडणार, आणि वर म्हातारी उन्मळून पडणार. न सांगावं तर गल्लीतल्या प्रत्येक घराची एक किल्ली या डब्यात. डबा नदीत टाकता आला असता. पण त्यामुळे तिचं मन निर्धास्त झालं असतं, लोकांची दारं नाही. ज्यानं एक नक्कल केली त्यानं दोन केल्या नसतील कशावरून? कुलूपच आतून बदलायला हवं होतं. तेव्हा तिनं देवासमोर बसून ठरवलं: रोज एक दार. किल्ली कोणत्या दाराची ते शोधायचं, सापडली की पिना बदलून द्यायच्या, जुनी किल्ली पकडीत वाकवून मोडीत टाकायची. ज्या दिवशी जुळणार नाही त्या दिवशी नुसतं तेल घालून यायचं. डबा रिकामा होईपर्यंत.

सुरुवात तिनं दुकानाच्याच दारापासून केली. पितळी तोंड सासऱ्यांचं, म्हणून ते तसंच ठेवलं. आतलं सगळं बदललं.

वर्षं लागली. माणसं घरं बदलत, दारं बदलत. ठिपक्यांचा अर्थ कधी लागे, कधी महिनोन्महिने नाही. आता डब्यातली एकच किल्ली उरली होती. छोटी, चपटी, ठिपका नसलेली. ती गल्लीतल्या प्रत्येक दाराला, कपाटाला, गल्ल्याला लावून झाली होती. कुठंच लागत नव्हती. ती तेवढी खिशात किणकिणत राहिली होती.

*

रविवारी गल्लीत खुर्च्या मांडल्या. चहाचं पातेलं बेकरीवालीनं आणलं, कपबशा शिंप्यानं. मास्तरीणबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि चष्मा पुसून तयारीत राहिल्या.

तो टॅक्सीतून उतरला. वाळला होता. केस रंगवलेले, सदरा नवा, घडीच्या खुणा तशाच. वर खिडकीत म्हातारी उभी होती. त्यानं तिच्याकडे बघून हात जोडले आणि तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. मग तो बायकोसमोर आला.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

"तुझ्याच पुण्याईनं आहे."

"वा!" अध्यक्ष मागून म्हणाले, आणि पायरीवर चढले. "मित्रहो, आजकाल बाजारात शुद्ध काही मिळत नाही. कापडात भेसळ, दुधात भेसळ..."

"तुमच्याच कापडात," बेकरीवाली पुटपुटली.

"...पण निष्ठा! निष्ठा अजून शुद्ध मिळते, आणि ती आपल्या गल्लीत मिळते. हे दार बघा. हेच कुलूप. त्यानं जाताना जसं होतं तसं! मी म्हणतो, आज दुकान त्याच्याच हातानं उघडू दे."

टाळ्या पडल्या. तो लाजल्यासारखा हसला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून किल्ली काढली. "ही मी एक दिवससुद्धा अंगावेगळी केली नाही," तो लोकांना म्हणाला. आवाज खरंच भरून आला होता. "उपाशी झोपलो, पण ही उशाशी असायची. म्हटलं, एक दार तरी आहे आपलं."

मास्तरीणबाईंनी नाक ओढलं.

त्यानं किल्ली घातली. आत गेली. फिरेना. उलट बाजूला फिरवली. फिरेना.

"रुसलंय कुलूप!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

"तेल घाला, वहिनी!"

"सगळ्या गल्लीला तेल आणि घरचंच दार कोरडं!"

पण त्याच्या बोटांना कळलं होतं. काही झालं तरी कुलूपवाल्याची बोटं ती. गंज कसा अडवतो आणि पिना कशा अडवतात, यातला फरक त्याला झोपेतही कळला असता. त्यानं मान न वळवता हळूच विचारलं, "कधी बदललंस?"

"तुम्ही गेलात त्याच दिवशी."

"उघड तू. लोकांसमोर नको." आणि मोठ्यानं, हसून, "हिच्याच हाताची सवय झालीय त्याला!"

तिनं आपल्या किल्लीनं कुलूप काढलं. अध्यक्षांनी "जोडीनं, जोडीनं!" म्हणत दोघांना आत ढकललं आणि शटर निम्मं खाली ओढलं. "बोलू द्या जरा त्यांना. चहा घ्या तोवर सगळ्यांनी."

*

आत यंत्र, पकड, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा. त्यानं एकदा सगळीकडे नजर फिरवली. नजर यंत्राच्या मागे जाऊन थांबली.

"डबा कुठंय?"

तिनं गल्ल्याखालून डबा काढून पुढ्यात ठेवला. खिशातली छोटी किल्ली त्यात टाकली. रिकाम्या पत्र्यावर ती एकटीच वाजली.

"बाकीच्या?"

"मोडल्या. ज्याची त्याची दारं बदलून दिली."

तो स्टुलावर बसला. डबा त्यानं जवळ ओढला. "म्हणजे तेल... ते व्रत..."

"ते हे."

"माझ्यासाठी नव्हतं."

"नाही."

बाहेर कपबशा वाजत होत्या. त्यानं हातांनी तोंड पुसलं. "मी एक तरी दार उघडलं का? सांग ना. गल्लीत एक चमचा तरी हरवला कुणाचा?"

"मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. तेच तर."

"आणि तुझ्याबद्दल? इतकी वर्षं परगावी काढली, दुसऱ्या बाईकडे मान वर करून बघितलं नाही मी. देवाची शपथ घेऊन सांगतो."

"शपथ नको. खरंच असेल ते."

"मग? आणखी काय असते निष्ठा?"

तिनं थोडा विचार केला. प्रश्न खोटा नव्हता आणि तिला उत्तरही खरंच द्यायचं होतं. "दार उघडलं नाही एवढ्यानं होत नाही. किल्लीच बाळगायची नसते. तुम्ही माझ्यापाशी एकनिष्ठ राहिलात, असेल. पण ज्यांनी तुमच्या हातात घर दिलं त्यांच्याशी नाही राहिलात. ते अर्धं घेऊन मी काय करू?"

तो उठला. आता आवाजात जुनी धार आली. "बरं. मग सांग बाहेर जाऊन. सांग की! पहिला प्रश्न तुलाच विचारतील. इतकी वर्षं गप्प का होतीस? फुकट तेलाच्या नावाखाली आमच्या दारात चोराच्या किल्ल्या घालून बघत होतीस? माझ्यापेक्षा तुझी लाज जास्त निघेल. आणि आई? आईला तू सांगणार? तिच्या तोंडावर?" मग तो एकदम मऊ झाला. "कशाला गं. मी काही मागत नाही. वर एक कोपरा दे. लोक खूश, आई खूश. तुझं व्रतही फळलं असं होईल. कुणाचं काय जातंय?"

यातलं एकही वाक्य तिला नवीन नव्हतं. रविवारपर्यंतच्या प्रत्येक पहाटे तिनं हेच स्वतःला विचारलं होतं. भीती होतीच. पण 'तुझं व्रत फळलं असं होईल' हे ऐकलं आणि तिच्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं. व्रताला साक्षीदार लागत नाही, फळही नसलं तरी चालतं. पण ते दुसऱ्याच्या नावावर चढवून द्यायचं, ते मात्र चालत नाही.

तिनं डबा उचलला आणि शटर वर केलं.

*

ती मोठ्यानं बोलली नाही. तिला येतच नव्हतं. त्यामुळे गल्लीलाच गप्प बसावं लागलं.

"मी यांची वाट बघत नव्हते," ती म्हणाली.

अध्यक्षांच्या हातातला कप बशीवर कलला. "वहिनी, अहो प्रसंग काय, बोलताय काय..."

"थांबा हो तुम्ही!" बेकरीवाली म्हणाली. "जन्मात एकदा बोलतेय ती."

तिनं सांगितलं. नियम, डबा, ठिपके, बेकरीच्या किल्लीवरचा ओरखडा. कुठे आवाज चढवला नाही आणि कुठे शब्द गिळला नाही. 

शिंपी पहिला उठला. "म्हणजे माझ्या माडीच्या दारात तुम्ही..."

"दोनदा किल्ली घालून बघितली. दुसऱ्यांदा लागली. त्याच आठवड्यात पिना बदलल्या."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"नाही सांगितलं. भ्यायले. दुकान बंद पडेल म्हणून, आणि वर आई आहेत म्हणून. त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेईन. उद्यापासून दुसरीकडे जा, तेही बरोबरच आहे." तिनं डबा दोन्ही हातांनी धरला. "पण ते व्रत यांच्यासाठी होतं असं पुन्हा म्हणू नका. लेकीसुनांना माझ्याकडे बोट दाखवून तर मुळीच नाही. हे परत यावेत म्हणून मी एकही दिवस काही मागितलं नाही. मी रोज म्हणायचे, देवा, आजचा दिवस ते आले नाहीत आणि एक दार झालं. उद्याचाही असाच दे."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. त्या मास्तरीणबाई होत्या.

"नवऱ्याबद्दल असं!" अध्यक्ष म्हणाले. "अहो, पतीशी निष्ठा म्हणून काही..."

"तुमच्या दाराचीसुद्धा होती यात," ती म्हणाली. "घरची आणि दुकानची, दोन्ही."

अध्यक्षांनी वळून तिच्या नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं पाहुण्याकडे बघितल्यासारखं नव्हतं. शिंप्यानं आपल्या कपबशा गोळा केल्या, अर्ध्या भरलेल्याही, आणि निघून गेला.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

गुडघे गेल्यापासून म्हातारी जिना उतरली नव्हती. आता भिंतीला धरून, एकेक पायरी बसत, ती खाली आली होती. केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. मुलगा धावला. "आई, तू कशाला आलीस? चल वर, मी सांगतो सगळं."

तिनं त्याचा हात बाजूला केला. "डबा बघू."

सुनेनं डबा पुढे केला. म्हातारीनं ती एकच किल्ली उचलली, डोळ्यांजवळ नेली, मग डोळे मिटून अंगठ्यानं तिची कड चाचपली. चाळीस वर्षं कुलूपवाल्याच्या घरात काढली होती तिनं.

"ही कुणाची?"

"नाही सापडली, आई. सगळीकडे लावून बघितली."

"सगळीकडे?" म्हातारी म्हणाली. मग मुलाकडे वळली. "तू सांग. कुणाची?"

"आता कसं आठवणार, आई? इतकी वर्षं झाली."

"बरं. वर चला. दोघंही."

*

वर येईपर्यंत म्हातारीला दोनदा बसावं लागलं. खोलीत आल्यावर ती पलंगावर टेकली, उशाशी हात घालून पेटी ओढली. गळ्यातली किल्ली तशीच राहू दिली. डब्यातली घातली.

कुलूप उघडल्याचा आवाज अगदी बारीक आला. त्या खोलीत तो सगळ्यांना ऐकू आला.

सून दाराशीच थांबली. गल्लीतलं एक दार तिनं सोडलं नव्हतं. आणि ही पेटी रोज तिच्या हातांपासून वीतभर अंतरावर होती, गुडघे चोळताना. घरातल्या कुलपाला किल्ली लावून बघावी असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

म्हातारीनं झाकण उचललं नाही. किल्ली परत फिरवून पेटी बंद केली.

"आई, मी कधी उघडली नाही गं," मुलगा म्हणाला. "तुझ्या गळ्याची शपथ."

"नसशील उघडली."

"तू विसराळू. हरवशील म्हणून करून ठेवली होती एक. तुझ्याचसाठी."

"मग मला का नाही दिलीस?"

त्यानं नजर वळवली.  दाराशी त्याच्या चपला होत्या, चकचकीत, बाहेर तोंड केलेल्या.

म्हातारीनं हात पुढे केला. "सूनबाई, पकड."

सुनेनं खालून हत्यारांची पिशवीच आणली आणि पकड काढून दिली. म्हातारीनं किल्ली तिच्यात धरली आणि दाबली. हातांत जोर नव्हता. पितळ हललं नाही. सून मदतीला वाकली तशी म्हातारीनं मान हलवली, पकड पलंगाच्या लोखंडी कडेला टेकवली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. किल्ली वाकली.

"तुझे वडील अशी मोडायचे," ती मुलाला म्हणाली. "गिऱ्हाइकासमोर." मग जरा दम खाल्ला. "आता तू खाली जाऊन बस. मंडळानं खुर्च्या आणल्यात ना, त्यातल्या एकीवर. माझं कुलूप बदलून होईपर्यंत वर यायचं नाही."

"आणि मग?"

"मग मी ठरवीन. माझी पेटी आहे, माझी खोली आहे. हिला विचारून ठरवीन." काठीच्या टोकानं तिनं चपला त्याच्याकडे सरकवल्या. "आणि ह्या घेऊन जा. रोज झटकून झटकून कंबर गेली माझी."

तो चपला हातात घेऊन जिना उतरला. खाली कोणी त्याच्याशी बोललं नाही; खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा आला.

सून जमिनीवर बसली, पेटी पुढ्यात ओढली, स्क्रू ढिले करायला लागली. पहिला स्क्रू निघाल्यावर जरा थांबली. "आई, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हवं होतं. त्याचा राग मी उद्या काढीन. आज गुडघे फार दुखतायत."

खालून बेकरीवालीची हाक आली. "वहिनी! अहो वहिनी! माझं मागचं दार परत करकरतंय. उद्या या. पण या वेळी मी शेजारी उभी राहून बघणार हां, काय करता ते!"

"उभ्या राहा," तिनं खिडकीतून सांगितलं. तिचा आवाज गल्लीपर्यंत पोहोचला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग ती परत कुलपापाशी बसली. आतली छोटी पाती एकेक काढून फडक्यावर मांडली. म्हातारी वरून बघत होती, एखादं कडक गिऱ्हाईक बघतं तशी.

"किल्ल्या किती करू, आई?"

"एक."

"हरवली तर?"

"हरवली तर तू कुलूप तोडशील," म्हातारी म्हणाली. "माझ्यासमोर."

तिनं कोरी किल्ली उचलली आणि कानस हातात घेतली.